घोडा ओढतो, पण फिरवतो कोण?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर परगण्यातलं एक दृश्य समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतं. चार खेचरं जुंपलेली, त्यांच्यामागे दोन चाकांची गाडी, गाडीवर धडधडणारं इंजिन, त्यामागे गवताचे गठ्ठे बांधणारा बेलर आणि सगळ्यात मागे गठ्ठे रचायची गाडी. हाकणारा शेतकरी टोपी घालून उभा, आमिश नावाच्या जुन्या रीतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. खाली मराठीत प्रतिक्रिया येतात त्या दोन प्रकारच्या. एक म्हणते, 'बघा, इंजिनाशिवाय, निव्वळ जनावरांच्या बळावर शेती होते.' दुसरी म्हणते, 'इंजिन बसवलंच आहे तर घोडे कशाला? नुसतं ढोंग.'

दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, आणि चूक एकच आहे. यंत्र ओढणं आणि यंत्र फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही.

यातलं ओढण्याचं काम आपल्याला नव्यानं सांगायला नको. नांगर, वखर, कुळव यांना लागते ती फक्त ओढ. बैल पुढे चालला की फाळ माती कापतो, त्यात फिरणारं काही नसतं. आमिश शेतातला नांगरही तसाच, फक्त बैलांच्या जागी बेल्जियन किंवा पर्चेरॉन जातीचे घोडे, आणि लँकेस्टरमध्ये बहुधा खेचरं. नांगराला दोन-तीन फाळ असले तर सहा-आठ जनावरं. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

घोळ सुरू होतो तो ज्या यंत्राच्या आत काहीतरी फिरतं किंवा पुढेमागे सरकतं तिथे: गवत कापायचं यंत्र, खत पसरायची गाडी, बेलर. हे फिरवायला ताकद कुठून आणायची? आमिश शेतात याची दोन उत्तरं आहेत आणि लांबून ती हुबेहूब सारखी दिसतात.

पहिलं उत्तर म्हणजे जमिनीवरच्या चाकातून घेतलेली ताकद. तिला तिकडे ग्राउंड-ड्राइव्ह म्हणतात. सायकलचा जुना डायनॅमो आठवा. टायरला घासून फिरणारा, दिवा पेटवणारा. पाय जोरात मारले तर दिवा लख्ख, चढावर वेग मंदावला की दिवा मिणमिणता, थांबलात की अंधार. चाकावर चालणारं यंत्र म्हणजे नेमकं हेच. घोडे चालतात, चाक फिरतं, चाकाच्या आसावरून गिअर फिरतात आणि गिअरवरून पातं हलतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं मॅककॉर्मिक नंबर 9 हे गवत कापायचं यंत्र याचा उत्तम नमुना. पाच ते सात फूट लांबीचं दातेरी पातं, तेलात बुडालेले गिअर आणि फक्त दोन घोडे. त्याचं उत्पादन केव्हाच थांबलं, पण आमिश आणि इतर घोडेवाले शेतकरी ते अजून दुरुस्त करून वापरतात, कारण त्या कामाला ते पुरून उरतं.

दुसरं उत्तर म्हणजे इंजिन. दोन चाकांच्या गाडीवर, म्हणजे फोरकार्टवर, डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन बसवतात आणि मागे ट्रॅक्टरला असतो तसा पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणारा फिरता दांडा काढतात. मग ट्रॅक्टरसाठी बनवलेलं कुठलंही अवजार त्याला जोडता येतं. घोडे फक्त पुढे नेतात, फिरवण्याचं सगळं काम इंजिनाचं. कधी वेगळी फोरकार्ट न घेता इंजिन थेट बेलरवरच चढवलेलं असतं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बैलगाडीवर पाण्याची टाकी आणि इंजिनाचा एचटीपी पंप ठेवून फवारणी करणारा शेतकरी हेच करतो. गाडी बैल ओढतात, दाब पंप देतो. त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही.

आता खरी अडचण. फोरकार्टमध्ये तिसरा एक प्रकार आहे, आणि सगळे फसतात ते त्यापाशी. काही फोरकार्टांना इंजिन नसतं, तरीही मागे पीटीओचा दांडा असतो. तो गाडीच्या चाकांवरून फिरतो. म्हणजे दिसायला पीटीओ, आतून डायनॅमो. अशी गाडी पाहून लोक म्हणतात, 'मग बेलरही असाच चालवा की, इंजिनाची गरजच काय?' जरा हिशेब करू.

ट्रॅक्टरचा नेहमीचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो. घोडा कामाच्या चालीनं तासाला साधारण 4 किलोमीटर जातो, म्हणजे मिनिटाला 67 मीटर. गाडीचं चाक 1 मीटर व्यासाचं धरलं तर त्याचा घेर 3.14 मीटर, आणि ते मिनिटाला जेमतेम 21 वेळा फिरतं. 21 चे 540 करायचे म्हणजे गिअरनं वेग पंचवीसपट वाढवायचा. वेग पंचवीसपट वाढला की दांड्याचं बळ त्याच पटीत घटतं. अवजारानं थोडा जरी विरोध केला, तरी तो पंचवीसपट होऊन चाकावर येतो आणि ओलसर जमिनीवर चाक फिरायचं सोडून घसरत जातं.

पण गिअरपेक्षा मोठी अडचण ताकदीची आहे. 800 किलोचा घोडा दिवसभर न थकता ओढू शकतो ते त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या जोरानं, म्हणजे 80 किलो. त्याला 4 किलोमीटरच्या चालीनं गुणलं की सुमारे 870 वॅट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणजे एक घोडा दिवसभराच्या सरासरीत एक अश्वशक्तीहून किंचित जास्त देतो. सहा घोडे जुंपले तर सातेक अश्वशक्ती. लहान चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला पीटीओवर साधारण 35 अश्वशक्ती लागते, आणि बेलर, गठ्ठ्यांची गाडी, वरची माणसं हे सगळं ओढायला लागणारी ताकद त्याहून वेगळी. ती 35 अश्वशक्ती घोड्यांकडूनच काढायची ठरवली तर शेतात तीसएक घोडे जुंपावे लागतील. असं कुणी करत नाही, कुणी करूही नये.

गवत कापायच्या पात्याचा हिशेब मात्र दोन-तीन घोड्यांच्या आवाक्यातला आहे. खत पसरायचं यंत्र, वाळलेलं गवत ओळीत ओढायचा दाताळ्याचा गाडा, हेही आवाक्यात. म्हणून ही कामं चाकावर आणि बेलर इंजिनावर अशी वाटणी होते. यात मला तरी कुठे विसंगती दिसत नाही.

शेतात उभं राहिलं की फरक आणखी उघड होतो. चाकावरच्या यंत्राला दाट गवत लागलं की पातं अडकायला लागतं. अशा वेळी हाकणाऱ्याला वाटतं जरा हळू जावं, पण हळू गेलं की पातंही हळू होतं आणि जास्तच अडकतं. थांबलं की सगळंच थांबलं. म्हणून जाणता शेतकरी पुन्हा सुरुवात करताना घोड्यांना एक-दोन पावलं मागे घेतो, म्हणजे उभ्या गवताला भिडण्याआधी पात्याला गती मिळालेली असते. इंजिनावरच्या बेलरमध्ये नेमकं उलट. गवताचा मोठा गोळा आला की लगाम ओढायचा, खेचरं उभी करायची आणि बेलरला तो गोळा गिळू द्यायचा. आत सगळं पूर्ण वेगात चालूच असतं. खेचरांना श्वास मिळतो, गठ्ठा नीट बांधला जातो. सुरक्षिततेचा नियमही इथेच उलटतो. चाकावरच्या यंत्रात घोडे थांबले आणि यंत्राचा दांडा ओढून गिअर सोडवला की पातं मेलेलं असतं. इंजिनावरच्या यंत्रात घोडे शांत उभे असले म्हणून हात घालायला गेलात तर हात गेला.

त्यामुळे ओळखायची खूण एकच: घोडे उभे राहिल्यावर आत काही फिरतंय का ते बघा. फिरत असेल तर इंजिन. व्हिडिओचा आवाज बंद करून, वर गाणं चढवून तो पाठवणाऱ्यांवर माझा खास राग आहे, कारण जी गोष्ट कानांना क्षणात कळते तीच ते पुसून टाकतात.

आता 'इंजिन आहे तर घोडे कशाला' याचं उत्तर. आमिश लोक यंत्राला पाप मानतात ही समजूतच मुळात चुकीची आहे. प्रत्येक मंडळी, म्हणजे साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा चर्चचा गट, आपली रीत ठरवतो. तिला ऑर्डनुंग म्हणतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, ती सर्वांच्या संमतीनं पुन्हा पक्की करतात. एखादं यंत्र आलं की विचारलं जातं ते त्यानं आपण एकमेकांपासून दूर जाऊ का, हे. लँकेस्टरमध्ये ट्रॅक्टर आले तेव्हा काहींनी ते शेतात चालवूनही पाहिले, पण मंडळींनी 1920 च्या दशकात ते शेतातून परत गोठ्याजवळ आणले. भीती इंजिनाची नव्हती, आपलं आपण चालणाऱ्या वाहनाची होती. आज शेतात ट्रॅक्टर, उद्या त्याच्यावर बसून बाजारात, परवा मोटार. शिवाय ट्रॅक्टरवाला आणखी जमीन मागतो, आणि ती मिळते शेजाऱ्याची.

म्हणून रेघ मारली गेली ती ओढण्यावर. घोडा पुढे असेपर्यंत चाल घोड्याची राहते, दुपारी विश्रांती घ्यावी लागते, आणि एका कुटुंबाला झेपेल तेवढंच शेत पिकवता येतं. त्या शेतात गठ्ठे बांधायला इंजिन वापरलं तर शेताचा आकार बदलत नाही. ही रेघ सहज मारली गेली असंही नाही. लँकेस्टरमध्ये 1966 मध्ये जी फूट पडली, तिच्या वादाच्या मुद्द्यांत शेतीची यंत्रंही होती. ओहायोतले श्वार्ट्झेनट्रूबर आमिश सगळ्यात कडक गटांपैकी एक, त्यांच्यात शेतात फिरणारा बेलरही चालत नाही. ते बहुधा सुटं गवतच साठवतात. म्हणूनच 'आमिश अमुक करतात' असं सरसकट वाक्य मला खटकतं. कुठले आमिश, हे आधी विचारा.

किरकोळ गोंधळ झटपट आवरतो. गोठ्याजवळ लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर उभा दिसला तर तो नियम मोडणं नाही. पट्ट्यावर मळणी यंत्र किंवा मुरघासाचं यंत्र चालवायला तो उभ्या जागी वापरतात. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर लँकेस्टरच्या शेतात नांगरताना दिसला तर तो बहुधा आमिशांचा नसून जुन्या रीतीच्या मेनोनाइट या जवळच्या ख्रिस्ती पंथाचा, त्यांच्या ग्रॉफडेल मंडळींत तो चालतो. कॅन्ससमधल्या काही आमिश वस्त्यांत ट्रॅक्टर शेतातही असतो आणि रस्त्यावरही. आणि कृपा करून 'आमिष' लिहू नका. हे नाव याकोब अम्मान या सतराव्या शतकातल्या धर्मगुरूवरून आलं आहे, गळाला लावायच्या किड्यावरून नव्हे.

माझी आवड विचाराल तर गवत कापायला चाकावरचंच यंत्र. घोड्यांचा श्वास, साखळ्यांची किणकिण, पात्याची सपसप आणि मध्ये इंजिन नाही. पाच-दहा एकरांसाठी त्याहून चांगलं काही नाही, आणि तिथे इंजिन बसवणं मला उगाचचा खर्च वाटतो. पण पाऊस तोंडावर आलेला, गवत वाळून तयार आणि गठ्ठे बांधायचे असतील, तर इंजिनाची फोरकार्टच हवी. बेल्जियन घोड्यांची जोडी कितीही देखणी असली तरी तिच्याकडून ते काम मागणं म्हणजे जनावराला छळणं. पेनसिल्व्हेनियातल्या गॅपचं व्हाइट हॉर्स मशीन, ओहायोतल्या डाल्टनचं पायोनियर इक्विपमेंट हे घोड्यांची अवजारं बनवणारे कारखाने आहेत. 1994 पासून दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या राज्यांत भरणाऱ्या हॉर्स प्रोग्रेस डेजमध्ये अशी नवी अवजारं जुंपून प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवतात. कधी जाणं झालं तर घोडे चालताना बघायला गर्दी असतेच. तुम्ही शेताच्या कोपऱ्यावर थांबा, घोडे उभे राहतात तिथे.