औषध विकसन

औषध विकसन म्हणजे प्रयोगशाळेत गुणकारी वाटलेला रेणू रुग्णाला निर्धास्तपणे देता येईल अशा औषधापर्यंत नेण्याची प्रक्रिया. तिला साधारण १० ते १५ वर्षे लागतात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. आधी प्राण्यांवर विषारीपणा तपासतात. मग माणसांवरील चाचण्या होतात: प्रथम बहुधा मोजके निरोगी स्वयंसेवक, नंतर काही शे रुग्ण, शेवटी अनेकदा हजारो. औषध बाजारात आल्यावरही देखरेख सुरूच राहते.

ही शिस्त मोठी किंमत मोजून आली. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांनाही दिले गेले आणि हजारो बाळे हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेतील (एफडीए) परीक्षक फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा म्हणून परवानगी रोखून धरली. १९६२ मध्ये तिथे औषध गुणकारी असल्याचा पुरावाही कायद्याने सक्तीचा झाला. फार्मसीच्या (औषधनिर्माणशास्त्राच्या) विद्यार्थ्याने हे प्रकरण मुळातून अभ्यासायलाच हवे.

भारतातही नवे रेणू घडले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे सेंटक्रोमन हे संततिनियमनाचे औषध ‘सहेली’ नावाने घरोघरी पोचले. पण येथील उद्योग वाढला तो मुख्यतः जेनेरिक औषधांवर, म्हणजे मूळ औषधाचाच रेणू वापरून इतर कंपन्यांनी बनवलेल्या औषधांवर. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले, त्यामुळे तोच रेणू वेगळ्या पद्धतीने बनवता येई. २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले. जेनेरिकवरच्या या भरामुळे आपल्याकडे बराचसा रोजगार फॉर्म्युलेशनमध्ये (रेणूपासून गोळी, सिरप असे तयार औषध बनवण्यात) आणि जैवसमतुल्यता चाचण्यांत आहे. आपली गोळी मूळ औषधाइतकीच आणि तितक्याच वेगाने रक्तात उतरते का, हे या चाचण्यांत पाहतात.

फार्मसीची पदवी बी.फार्म. चार वर्षांची, त्यापुढे पदव्युत्तर एम.फार्म. दोन वर्षांचे, तर रुग्णसेवेवर भर देणारे फार्म.डी. बारावीनंतर सहा वर्षांचे असून त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (१९३३) आणि मोहालीची नायपर (राष्ट्रीय औषधशिक्षण व संशोधन संस्था) ही या शिक्षणाची नावाजलेली केंद्रे.

फार्मसी म्हणजे मेडिकलचे दुकान, ही समजूत घराघरांत अजून पक्की आहे. प्रत्यक्षात क्यूसी-क्यूए (गुणवत्ता तपासणी व हमी), चाचण्यांचे समन्वयन, परवान्यांसाठीची कागदपत्रे तयार करणारा रेग्युलेटरी विभाग आणि दुष्परिणामांच्या नोंदी तपासणारे फार्माकोव्हिजिलन्स इथेही पदवीधर लागतात. सांख्यिकी येणाऱ्याला चाचण्यांच्या कामात विशेष मागणी असते. सरकारी वाट औषध निरीक्षकाची. महाराष्ट्रात ही भरती लोकसेवा आयोग करतो.