संशोधन संस्थेची व्यवसाय शाखा (जैवतंत्रज्ञान)

विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने आपल्या प्रयोगशाळेतले शोध बाजारापर्यंत नेण्यासाठी काढलेली स्वतंत्र संस्था. पेटंटे सांभाळणे, परवाने देणे आणि नवख्या कंपन्यांना जागा, उपकरणे व सुरुवातीचा पैसा मिळवून देणे ही तिची कामे. नवख्या कंपन्या जिथे वाढतात त्या जागेला कागदोपत्री ‘उबवण केंद्र’ म्हणतात. बोलताना सगळे इन्क्युबेटरच म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. ड जीवनसत्त्वाच्या शोधाचे पेटंट सांभाळण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ साली प्रतिष्ठान स्थापन केले. उलट १९७५ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवण्याची रीत शोधली, पण पेटंट घेतलेच गेले नाही. शोधाला १९८४ साली नोबेल मिळाले. त्यावरचा उद्योग इतरांनी उभारला.

भारतात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला खासगी कंपनीचे शेअर घेणे किंवा प्रयोगशाळा भाड्याने देणे अवघड जाते. म्हणून व्यवसाय शाखा बहुधा नफा न वाटणारी कंपनी (आज कंपनी कायदा २०१३, कलम ८) किंवा नोंदणीकृत सोसायटी असते. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले ‘व्हेंचर सेंटर’ पहिल्या प्रकारचे, आयआयटी मुंबईची ‘साइन’ (२००४) दुसऱ्या.

नवी मुंबईत या व्यवस्थेच्या दोन पिढ्या शेजारीशेजारी दिसतात. वाशीतील ‘ब्रिट’, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, ही जुनी पिढी. अणुऊर्जा विभागाने १९८९ मध्ये हा व्यापारी घटक स्थापन केला. तो किरणोत्सारी औषधे स्वतःच बनवतो आणि विकतो. २००० सालापासून वाशीच्या प्रकल्पात मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रियाही होते. इथे शाखा स्वतः दुकानदार आहे, ती दुसऱ्याला दुकान काढून देत नाही.

नव्या पिढीचे ठळक उदाहरण म्हणजे इम्युनोअॅक्ट. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली ही कंपनी (२०१८) ‘साइन’मध्ये वाढली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवणारे जनुक घालायचे, पेशी वाढवायच्या आणि परत रुग्णाला द्यायच्या, अशी ही कार-टी उपचारपद्धती. पवईच्या प्रयोगशाळेत उपचार तयार होईल, पण रुग्ण कुठून आणायचा? तो मिळाला खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ मध्ये, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन रुग्णालयात. जून २०२१ मध्ये तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. उत्पादनही नवी मुंबईतच उभे राहिले. जिवंत पेशी गोळ्यांसारख्या गोदामात रचून ठेवता येत नाहीत, प्रत्येक रुग्णाची खेप वेगळी. रुग्णालय आणि निर्जंतुक कक्ष जवळ असण्याला म्हणूनच मोल आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी आली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या नावाने त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार इथे साधारण तीस-चाळीस लाखांत आला. सामान्य घराला तेही झेपत नाहीत, हेही खरे.

जैवतंत्रज्ञानात घोडे अडते ते मधल्या टप्प्यावर. सॉफ्टवेअरवाल्याला लॅपटॉप पुरतो. इथे उणे ८० अंशांचा फ्रीझर, पेशींसाठी स्वच्छ कक्ष, प्राण्यांवरील चाचण्या, जैवसुरक्षा समितीची परवानगी, हे सगळे पहिला रुपया मिळण्याआधी लागते. इन्क्युबेटर ही सामायिक उपकरणे तासावर किंवा महिन्यावर देतो. पैशाच्या पहिल्या हप्त्यासाठी जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ (२०१२) या संस्थेचे ‘बिग’ अनुदान असते, दीड वर्षासाठी ५० लाखांपर्यंत. ही रक्कम कल्पना सिद्ध करायला पुरते, औषध करायला नाही. त्यापुढे मोठा भागीदार लागतो. इम्युनोअॅक्टमध्ये लॉरस लॅब्स या औषध कंपनीने २०२१ साली ४६ कोटी रुपयांना सुमारे २६.६ टक्के हिस्सा घेतला.

मोबदल्यात इन्क्युबेटर भाडे आणि सहसा कंपनीचा लहानसा हिस्सा घेतो. हिश्शाला किंमत येते ती कंपनी मोठी झाल्यावर किंवा विकली गेल्यावर, आणि औषधाच्या धंद्यात त्याला दहा-दहा वर्षे लागतात. तोवर केंद्राचा दिवाबत्तीचा खर्च भाडे आणि अनुदान यांवरच भागवावा लागतो.