कण जन्मतो ढगात

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक औष्णिक वीज केंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट दिली. त्यावर नागपुरात ऐकू येणारा युक्तिवाद ठरलेला आहे: आपल्या कोळशात गंधक कमीच असतं, खरा त्रास राखेचा.

राखेचा त्रास खराच, नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांलगतच्या गावांना विचारा. पण गंधकाचाही ढोबळ हिशेब मांडू या. आपल्या कोळशात ते साधारण अर्धा टक्का असतं. 660 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला सुमारे 10 हजार टन कोळसा जाळतो. म्हणजे 50 टन गंधक आणि त्यापासून जवळपास 100 टन सल्फर डायऑक्साइड. कोराडीत असे तीन संच आहेत.

राख पकडणारं यंत्र या वायूला अडवू शकत नाही, कारण तो अजून कण झालेलाच नसतो. कण होतो तो वर, आकाशात, आणि ही रसायनक्रिया मला विलक्षण सुंदर वाटते. मोकळ्या हवेत हायड्रॉक्सिल मूलकं (एका हायड्रोजन आणि एका ऑक्सिजन अणूचे अतिक्रियाशील तुकडे) त्याचं ऑक्सिडीकरण करतात, पण त्याला काही दिवस लागतात. ढग आडवा आला की वेग एकदम वाढतो. वायू थेंबात विरघळून बायसल्फाइट होतो आणि त्याच थेंबातलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिनिटा-तासांत त्याचं सल्फेट करतं. बहुतेक ढग न बरसताच विरतात. पाणी उडून जातं, सल्फेट मागे राहतं. शेतातल्या युरियातून आणि शेणामुतातून उठलेला अमोनिया त्याच्याशी जुळतो. उरलेला कण आकाराने जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीइतका असतो, म्हणून ऊन विखुरण्यात तो फार तरबेज. पुढच्या ढगाचं बीजही तोच, म्हणजे त्याच्याभोवती वाफ जमून थेंब तयार होतो. बीजं वाढली की तेवढंच पाणी जास्त आणि बारीक थेंबांत वाटलं जातं, ढग अधिक पांढरा होतो आणि बारीक थेंबांना एकमेकांत मिसळून जड व्हायला वेळ लागतो.

पर्जन्ययागाच्या धुराने ढगांना बीज मिळतं, असा दावा पाऊस लांबला की हमखास होतो. विदर्भाच्या हवेत अशा बीजांची वानवा नसतेच. धुराने त्यांत भर पडली, तर थेंब आणखी बारीक होण्याचीच शक्यता जास्त.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार हवेतल्या अशा सर्व मानवनिर्मित कणांचा पृथ्वीच्या उष्णतेच्या ताळेबंदावरचा एकत्रित परिणाम दर चौरस मीटरला सुमारे उणे 1.1 वॅट (उणे म्हणजे गारवा) आहे, आणि कार्बन डायऑक्साइडचा अधिक 2.16. काजळी ऊन शोषून हवा तापवते, तरी एकूण बेरीज गारव्याकडे झुकते.

मग गंधक राहू द्यावं, गारवा तरी मिळेल, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. सल्फेटचा कण साधारण आठवडाभरात पावसाने धुऊन जातो. त्याच कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं टिकतो आणि साचत राहतो. आणि त्या आठवड्यात तोच सल्फेटचा कण पीएम 2.5 (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) म्हणून माणसांच्या फुफ्फुसात खोलवर पोहोचत असतो.