पोट सारखं बिघडतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल

कोल्हापुरात पोट बिघडायला कारण शोधत बसावं लागत नाही. काल तांबडा रस्सा जरा जास्तच झाला, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, जत्रेत कुठंतरी काहीतरी खाल्लं. दोन दिवस ताक-भात आणि ओआरएस घेतलं की माणूस कामावर. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट खरोखर एवढीच असते. पण काहींचे जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात, गोळ्यांनी थांबतात, महिन्याभरात परत सुरू होतात आणि वजन उतरत जातं. मग घरचे म्हणतात, ‘याचं पोट पहिल्यापासूनच नाजूक.’ मला या वाक्याची काळजी वाटते. त्याच्याआड कधी कधी प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष दडलेला असतो आणि तो सापडेपर्यंत वर्षं निघून जातात.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. प्रत्यक्षात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करणाऱ्या पेशींपैकी सुमारे ७० ते ८० टक्के पेशी आतड्याच्या अस्तरात असतात. तिथं रोज काही ग्रॅम ‘आयजीए’ नावाचं प्रतिपिंड पाझरतं. आतड्याचं काम अवघडच आहे. भाकरी-आमटी परकी असली तरी ती आत घ्यायची, तिथं मुक्कामाला असलेल्या अब्जावधी जिवाणूंना सांभाळून घ्यायचं आणि त्याच गर्दीतून येणारे रोगजंतू मात्र रोखायचे. आयजीए जंतूंना चिकटून त्यांना अस्तरावर पाय रोवू देत नाही, आणि हे काम आतड्याला सूज न आणता करतं.

ही यंत्रणा अपुरी पडली की त्रास दोन बाजूंनी होतो. साधा जंतूही हटता हटत नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. प्रतिकारशक्तीवरचं नियंत्रणच सुटतं आणि ती स्वतःच्या आतड्यावर उलटते. ‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणजे नुसता अशक्तपणा, ही समजूत इथं पार चुकीची ठरते.

अशा जन्मजात दोषांचे आज साडेचारशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. पहिल्या काहींपैकी एकाचं वर्णन अमेरिकी लष्करातले डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये केलं. वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रथिनांमधला प्रतिपिंडांचा भाग, जवळपास नव्हतंच. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो.

प्रौढांमध्ये पोटाच्या तक्रारी घेऊन येणारा महत्त्वाचा प्रकार म्हणजे ‘कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी’, थोडक्यात सीव्हीआयडी. यात शरीर पुरेशी प्रतिपिंडं बनवत नाही. साधारण २५ ते ५० हजारांत एकाला तो असतो असा अंदाज आहे. याचं निदान बऱ्याचदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतं. तोवर माणूस सायनसचे, कानाचे, छातीचे संसर्ग एका डॉक्टरांना दाखवतो आणि पोट दुसऱ्यांना. दोन्ही फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत.

आणि इथं एक मोठी फसगत होते. जुलाब लांबले, वजन घटलं, रक्त कमी झालं, की डॉक्टर सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजाराची, तपासणी सांगतात. ती रक्तात एक विशिष्ट आयजीए प्रतिपिंड शोधते. ज्याच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही, त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येणारच! म्हणून त्या तपासणीबरोबर एकूण आयजीए किती आहे, हेही मोजायला हवं. नुसतं आयजीए कमी असलेल्या बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही, पण त्यांच्यात सीलिअॅकचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. एखाद्या संसर्गाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्ततपासण्यांनाही हाच नियम लागू होतो. प्रतिपिंडं न बनवणाऱ्या माणसात त्या कोऱ्या येतात आणि कोऱ्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’चा शिक्का बसतो.

एंडोस्कोपीत घेतलेला लहान आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चित्र आणखी बुचकळ्यात टाकतं. अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे झिजून सपाट झालेले दिसतात, अगदी सीलिअॅकसारखे. पण त्यांच्यामधल्या जागेत ज्या प्लाझ्मा पेशींची दाटी असायला हवी, त्या सीव्हीआयडीच्या अनेक रुग्णांत गायब असतात. प्लाझ्मा पेशी ओळखायला सोपी असते. तिचं केंद्रक एका बाजूला सरकलेलं असतं आणि त्यातले गडद ठिपके घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे कडेनं मांडलेले असतात. प्रतिपिंडं बनवणारी पेशी हीच. ती नाही, हे पाहणाऱ्याच्या लक्षात यायला हवं, आणि जे दिसत नाही त्याची नोंद करणं भल्याभल्या नजरेलाही अवघड जातं. अशा रुग्णानं गहू सोडून नुसती ज्वारीची भाकरी आणि भात खाल्ला तरी पुष्कळदा फरक पडत नाही, कारण दोष गव्हाचा नसतोच.

पण पहिला धागा बऱ्याचदा घरातल्या जुन्या फायलीतच असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लिव्हर फंक्शन टेस्टचा रिपोर्ट काढून पाहा. टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि त्याखाली ग्लोब्युलिन अशा ओळी असतात. आपण बिलिरुबिन पाहतो आणि कागद घडी घालून ठेवतो. प्रतिपिंडं या ग्लोब्युलिनमध्येच मोडतात. प्रौढ माणसात ग्लोब्युलिन सतत डेसिलिटरला २ ग्रॅमच्या खाली येत असेल, तर आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे प्रकार मोजून घ्यावेत असं डॉक्टरांना जरूर सुचवावं. प्रौढांत आयजीजी साधारण डेसिलिटरला ७०० ते १६०० मिलिग्रॅम असतं, लहान मुलांत वयानुसार वेगळं. इथं एक अडचण आहे. आतड्यातून प्रथिनं गळत असतील तरी आयजीजी घटतं, मात्र तेव्हा अल्ब्युमिनही बरोबर खाली येतं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे.

प्रतिपिंडं कमी असलेल्यांना छळणाऱ्या जंतूंमध्ये पहिलं नाव जिआर्डिया या परजीवीचं. पोट फुगणं, वास मारणारे तेलकट शौच आणि औषधानंतर पुन्हा तेच. शौचाच्या एकाच नमुन्यात तो निसटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. नोरोव्हायरस निरोगी माणसाला दोन-तीन दिवस त्रास देतो, पण यांच्या आतड्यात तो महिनोन् महिने राहू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरीनलाही दाद देत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या दिवसांत, किंवा एरवीही, अशा माणसानं पाणी खळखळून उकळूनच प्यावं. नुसत्या तुरटीवर किंवा क्लोरीनच्या गोळीवर विसंबू नये.

आणि धारोष्ण दूध! गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून फेसाळता ग्लास हातात देतात. तालमीच्या या शहराला त्या ग्लासाचं किती प्रेम आहे हे मी जाणतो. पण कच्च्या दुधातून कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, ब्रुसेला येऊ शकतात. प्रतिपिंडं नसलेल्या माणसात कॅम्पिलोबॅक्टर रक्तातही उतरतो. ‘ताकद येईल’ म्हणून अशा मुलाला तो ग्लास देऊ नका. तेच दूध उकळून द्या.

प्रतिपिंडं कमी असलेल्यांना उपचार म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. हजाराहून अधिक रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून ते तयार होतं. त्यानं न्यूमोनिया कमी होतात, जीव वाचतो. पण त्यात जवळपास सगळं आयजीजीच असतं. आतड्याच्या पोकळीत हवं असलेलं आयजीए त्यातून मिळत नाही. म्हणून छाती बरी होते आणि जुलाब चालूच राहतात. औषध लागू पडत नाही असं समजून ते बंद करणारी कुटुंबं असतात. तसं करू नये. आतड्याच्या सुजेचा इलाज वेगळा करावा लागतो.

लहान मुलांत चित्र अधिक गंभीर. ‘सीजीडी’ या आजारात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. मग गुदद्वाराजवळ गळवं होतात आणि मोठ्या आतड्याला क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारासारखी सूज येते. सूज आवरणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या संदेशवाहकाचं ग्रहणकेंद्र बिघडलेलं असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच रक्ताचे जुलाब सुरू होतात. हे कारण २००९ मध्ये उलगडलं. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत जुनी आहे. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, पण नवरा-बायको दोघंही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात आधी एखादं बाळ संसर्गानं दगावलं असेल, तर नव्या बाळाला बीसीजी आणि रोटाव्हायरसची लस देण्याआधी ते डॉक्टरांना सांगावं. या जिवंत लसी आहेत. निरोगी बाळाला त्या हव्यातच, पण प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या बाळात त्यातलाच जंतू आजार घडवतो.

एचआयव्ही, केमोथेरपी, किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधं यांमुळेही हीच लक्षणं दिसतात, आणि कारण आधीपासून माहीत असेल तर तिथं शोध लवकर लागतो.

नेमक्या निदानासाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. पेशींच्या चाचण्यांना ताजं रक्त लागतं, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः गेलेलं बरं. जाताना जुन्या सगळ्या फायली न्याव्यात, छातीच्या, कानाच्या आणि पोटाच्याही. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडीसारखे काही आजार येतात. केईएम त्या योजनेतलं केंद्र आहे, म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विषय निघाला तर मदतीची चौकशी तिथंच करावी.