चामड्याचा जुनेपणा: झीज आणि वय

अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने 1931 साली वैमानिकांसाठी ‘ए-2’ हे चामडी जाकीट स्वीकारले. त्याच्या हुबेहूब प्रतिकृती आज जपानपासून अमेरिकेपर्यंत बनतात आणि त्यांतील काही प्रतिकृती कोपरांवर पिवळसर, बाह्यांच्या कडा झिजलेल्या व शिवणी उजळलेल्या अशा अवस्थेतच विकल्या जातात. नागपुरात जाकीट जेमतेम डिसेंबर-जानेवारीत अंगावर चढते, त्यामुळे ते वापरून जुने व्हायला फार वर्षे लागतात आणि तयार जुनेपणाचा मोह इथे अधिकच होतो. तो जुनेपणा नेमका कशाचा असतो, हे चामड्याची रचना पाहिल्यावर उलगडते.

चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. वरच्या पातळ थरातील तंतू बारीक आणि दाट असतात. खालच्या थरातील जाड तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि चामड्याची मुख्य ताकद तिथे असते. कच्चे कातडे कुजू नये म्हणून ते हिरड्याच्या फळांतील किंवा बाभळीच्या सालीतील टॅनिनने, नाहीतर क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. त्यावर रंगद्रव्य आणि लाख, नायट्रोसेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिकसारख्या पदार्थाचा पातळ लेप देतात. यालाच फिनिश म्हणतात, आणि कृत्रिम जुनेपणाचे बहुतेक काम या लेपावरच चालते.

त्यासाठी कारागीर चामडे फिरत्या ड्रममध्ये घुसळून त्यावर सुरकुत्या पाडतात, सँडपेपरने कडा घासतात, अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने लेप जागोजागी पुसतात आणि खाचांत गडद मेण भरतात. यापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते ती ‘टी-कोअर’ पद्धत. तिच्यात टॅनिनने कमावलेल्या तपकिरी चामड्यावर फक्त वरून काळा रंग दिलेला असतो; जिथे हात, खिसा किंवा पट्टा सतत घासतो तिथे काळा थर झिजून आतला तपकिरी रंग वर येतो, म्हणजे जुनेपणा कारखान्यात न घडता वापरणाऱ्याच्या शरीरामुळे घडतो.

खरे वय मात्र झिजेपुरते नसते. ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे तंतूंमधील तेले बदलतात, टॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन रंग गडद होतो आणि घामातील क्षार काखेत व कॉलरवर साठतात. प्रदूषित हवेतील सल्फर डायऑक्साइड शोषला गेला, तर टॅनिनने कमावलेल्या चामड्यात सल्फ्युरिक आम्ल तयार होऊन ते लालसर भुकटीसारखे झडू लागते. एकोणिसाव्या शतकातील कित्येक ग्रंथांच्या बांधण्यांची अशीच हानी झाली आहे. सँडपेपरने यातले काहीच साधत नाही. उलट, पाणी आणि घर्षण अडवणारा वरचा दाट थरच त्याने पातळ होतो.

घरच्या घरी जाकीट गरम पाण्यात बुडवून ‘जुने’ करण्याचा प्रयोग तर कोणी करू नये. टॅनिनने कमावलेले ओले चामडे साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसला आक्रसते, कारण कोलॅजनची सर्पिल रचना त्या तापमानाला उसवते, आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

म्हणून जाकीट घेताना झीज कुठे आहे ते पाहावे. नैसर्गिक झीज कोपराच्या घडीवर, खिशाच्या तोंडाशी, चेनच्या कडेला एकवटते आणि कॉलरखाली किंवा खिशाच्या झडपेखाली मूळ रंग शाबूत ठेवते. सगळीकडे सारखी झीज दिसली, तर ती बहुधा यंत्राची असते.

आपल्या हवेत एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. इथे जाकीट झिजण्याआधी म्हातारे होते, कारण मे महिन्यातील 45 अंशांची कोरडी हवा बंद कपाटातही त्यातील ओलावा ओढून घेते आणि पाठोपाठ पावसाळ्यातील दमट हवेत त्यावर बुरशी धरते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता रुंद हँगरवर सुती कापडाखाली, उन्हाच्या भिंतीपासून दूर टांगावे आणि पावसाळ्यात अधूनमधून वारा लागू द्यावा.