गुलाबजलाच्या सवयीने ॲसिड टोनर लावू नका

चेहरा धुतला की गुलाबजल, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्यात समजावण्यासारखं फारसं नाही. गुलाबाच्या पाकळ्यांच्या अर्काचं पाणी. त्वचा ओलसर होते, वरून क्रीम लावलं की झालं. दुपारी उन्हातून आल्यावर पुन्हा शिंपडलंत तरी सहसा काही बिघडत नाही. फक्त बाटलीमागचे घटक वाचा. पाणी आणि सुगंध एवढंच असेल तर ते गुलाबजल नव्हे, नुसतं सुगंधी पाणी.

गोंधळ होतो तो दुसऱ्या बाटलीशी. दुकानात त्याच फळीवर, तसंच पारदर्शक पाणी, पुढे ‘टोनर’ लिहिलेलं. मागे मात्र ग्लायकोलिक ॲसिड ७ टक्के, नाहीतर सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के. ती घरी येते आणि गुलाबजलासारखीच वापरली जाते: सकाळ-संध्याकाळ, कापूस चिंब करून, पार डोळ्यांपर्यंत. मग चेहरा लाल होतो आणि निष्कर्ष निघतो, ‘मला टोनर सोसत नाही.’

हे ॲसिड त्वचा ओलावण्यासाठी नसतंच. वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ग्लायकोलिक ती पकड सैल करतं, म्हणून त्या लवकर सुटतात. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट रंध्रांत उतरतं. ब्लॅकहेड्स आणि बारीक पुटकुळ्यांना तेच बरं. दोन्ही लावून धुवायची नसतात. रोज दोनदा लावली तर मृत पेशींबरोबर त्वचेचं संरक्षक आवरणही झिजतं, आणि एरवीचं साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबायला लागतं.

‘चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय’ हे ऐकलं की मला खरंच राग येतो. क्षणभर चुणचुण झाली तर ठीक. जळजळ थांबत नसेल तर लगेच चेहरा धुवा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की तिथे जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होतं आणि काळा डाग महिनोन्‌महिने हटत नाही. डाग घालवायला आणलेल्या बाटलीनेच नवे डाग पडतात ते असे. शिवाय ग्लायकोलिकमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ मध्येच अशा उत्पादनांसाठी सूचना सुचवली आहे: वापरताना आणि थांबवल्यानंतरही आठवडाभर सनस्क्रीन लावा.

म्हणून ॲसिड टोनर रात्रीच, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. त्या रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए असलेलं क्रीम किंवा सीरम) नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच केलेल्या दिवशी तर मुळीच नको. सनस्क्रीनचा कंटाळा असेल तर ही बाटली आणूच नका. पहिल्यांदाच घेणार असाल तर मी ग्लायकोलिकऐवजी मँडेलिक ॲसिड सुचवेन. त्याचा रेणू मोठा, त्वचेत सावकाश शिरतो. आणि कापूस कशाला? तळहातावर थोडं घेऊन हलक्या हाताने लावा, डोळ्यांभोवतीची जागा सोडून.

फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर, स्प्रे की झाकण, हे तुमच्या आवडीवर. टोनरने रंध्रं ‘बंद’ होतात, हे मात्र सोडून द्या. उघडझाप करायला त्यांना स्नायूच नसतात. आणि ‘घरगुती ॲसिड’ म्हणून लिंबाचा रस तर कधीच नको. त्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. वर तो लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात.