प्रत विकणे आणि ऑनलाइन उपलब्ध करून देणे: वितरण व आयातीचे हक्क इंटरनेटवर कुठवर चालतात?

छापील पुस्तक विकत घेणारा आणि तेच पुस्तक ई-बुक म्हणून डाउनलोड करणारा, दोघेही पैसे मोजतात आणि दोघांनाही पुस्तक मिळते. त्यामुळे हे दोन्ही व्यवहार एकाच जातीचे आहेत असा समज सहज होतो. कॉपीराइटच्या कायद्यात मात्र पहिला व्यवहार वितरणाच्या हक्काखाली येतो, तर दुसरा बऱ्याच देशांत कृती लोकांना उपलब्ध करून देण्याच्या हक्काखाली मोडतो. घेतलेली वस्तू पुढे विकता येईल का आणि परदेशातून आणता येईल का, हे या वर्गीकरणावरच ठरते.

जिनिव्हा येथे १९९६ साली संमत झालेल्या ‘विपो’च्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) कॉपीराइट कराराने हे दोन हक्क वेगवेगळ्या कलमांत मांडले. सहावे कलम वितरणाचे आहे आणि त्यातील ‘प्रत’ म्हणजे मूर्त वस्तू म्हणून बाजारात फिरू शकेल अशीच प्रत, असा खुलासा सोबतच्या मान्य निवेदनात केलेला आहे. आठवे कलम लोकांपर्यंत पोचवण्याच्या हक्काचे असून, ज्याने त्याने आपल्या सोयीच्या वेळी व ठिकाणी कृती मिळवावी अशी ऑनलाइन व्यवस्था त्यात येते. कराराच्या मूळ मसुद्यात आयातीच्या हक्काचाही पर्याय होता, पण तो अंतिम मजकुरात टिकला नाही आणि आयातीचा प्रश्न ज्या त्या देशाच्या कायद्यावर राहिला. भारताच्या कायद्यातही, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, लोकांपर्यंत पोचवणे म्हणजे भौतिक प्रती न देता अन्य मार्गाने कृती उपलब्ध करणे अशीच व्याख्या आहे.

वितरणाच्या हक्काला पहिल्या विक्रीची मर्यादा असते. मालकाच्या संमतीने एखादी प्रत एकदा विकली गेली की त्या विशिष्ट प्रतीवरचा त्याचा वितरणाचा हक्क संपतो. जुन्या पुस्तकांचा बाजार उभा आहे तो याच आधारावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९०८ मध्येच मान्य केले होते. आयातीचा हक्क ही या मर्यादेला सीमेवर घातलेली अट म्हणता येईल: परदेशात कायदेशीररीत्या विकलेली स्वस्त प्रत मालकाला न विचारता देशात आणता येते का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. थायलंडमध्ये नातेवाइकांकडून पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या विकत घेववून त्या अमेरिकेत विकणाऱ्या किर्तसेंग या विद्यार्थ्याविरुद्ध वायली प्रकाशनाने दावा लावला होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असे ठरवले की, प्रत परदेशात कायदेशीररीत्या तयार झाली असली तरी पहिल्या विक्रीची मर्यादा तिला लागू होते. या निकालाने अमेरिकेतील आयातीच्या हक्काचा बराचसा जोर गेला.

हाच युक्तिवाद फाइलला लावायला गेले की तो अडतो, आणि का अडतो हे ‘रीडिजी’च्या खटल्यात फार स्पष्ट दिसते. आयट्यून्सवर विकत घेतलेली गाणी पुढे विकण्याची सोय ही कंपनी देत असे. दोन प्रती एकाच वेळी अस्तित्वात राहू नयेत म्हणून तिच्या प्रणालीत फाइलचे लहान लहान तुकडे विक्रेत्याच्या संगणकावरून पुसले जात आणि त्याच ओघात सर्व्हरवर पोचत. पुस्तक हातोहात देण्याची इतकी हुबेहूब नक्कल क्वचितच कोणी केली असेल. तरीही २०१८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ती नाकारली: सर्व्हरवर स्थिर झालेली फाइल ही नवी प्रत आहे, म्हणजे येथे नक्कल करण्याच्या हक्काचा प्रश्न येतो, आणि पहिल्या विक्रीची मर्यादा त्या हक्काला लागू होत नाही. अमेरिकी न्यायालयांनी डाउनलोडलाही ‘वितरण’ मानलेले आहे. म्हणजे तिथे हक्क वस्तूवरून फाइलपर्यंत पसरला, पण त्याची मर्यादा वस्तूपाशीच थांबली. तांत्रिक तर्क निर्दोष असला तरी ही विभागणी मला एकतर्फी वाटते.

युरोपीय न्यायालयाने वेगळी वाट धरली, पण तीही सरळ नाही. २०१२ च्या ‘यूज्डसॉफ्ट’ निकालात ओरॅकलचे, कायमच्या परवान्यासह डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुढे विकता येते असे ठरले, मात्र विक्रेत्याने स्वतःकडील प्रत निकामी केली पाहिजे. डिसेंबर २०१९ च्या ‘टॉम कॅबिनेट’ निकालात मात्र वापरलेली ई-बुके विकणे हे वितरण नसून लोकांपर्यंत पोचवणे आहे, असे म्हटले गेले. संगणक प्रणालींसाठी युरोपीय संघाचा स्वतंत्र निर्देश (कायदेशीर नियमावली) आहे, हा या फरकाचा कायदेशीर आधार. न्यायालयाने व्यावहारिक कारणही दिले: डिजिटल प्रत वापराने झिजत नाही, त्यामुळे ‘वापरलेली’ प्रत नव्याला तंतोतंत पर्याय ठरते. हा युक्तिवाद निदान प्रश्नाला थेट भिडतो.

आता आयात. दुसऱ्या देशातील सर्व्हरवरून फाइल उतरवणे ही आयात आहे का? अमेरिकी सरकारच्या कार्यगटाने १९९५ च्या श्वेतपत्रिकेत, तारेवरून पाठवलेल्या प्रती वितरण आणि आयात या दोन्ही कलमांत स्पष्टपणे घ्याव्यात असे सुचवले होते. तशी विधेयकेही आली, पण ती मंजूर झाली नाहीत. पुढे २०१५ मध्ये, पाकिस्तानात तयार करून टेक्सासला इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेल्या दातांच्या डिजिटल नमुन्यांच्या प्रकरणात, अपील न्यायालयाने आयात व्यापार कायद्यातील ‘वस्तू’ मूर्तच असावी लागते असा निर्णय दिला. तो वाद पेटंटचा होता, कॉपीराइटचा नव्हे. तरी प्रश्नाची जात तीच.

याचा अर्थ सीमा निरर्थक झाली असा मात्र नव्हे. पोलंडच्या सरकारी दूरचित्रवाणीने काही मालिकांचे भाग पोलंडमधील सर्व्हरवरून अमेरिकेत दिसतील असे ठेवले, तेव्हा उत्तर व दक्षिण अमेरिकेपुरते हक्क असलेल्या कंपनीने दावा केला. २०१८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ठरवले की, प्रेक्षक अमेरिकेत असल्यामुळे सार्वजनिक सादरीकरण अमेरिकेतच झाले. आयातीचे कलम लावण्याची गरजच पडली नाही. ऑनलाइन व्यवहारात सीमेची राखण कस्टम्सऐवजी परवान्यातील प्रदेशाच्या अटी आणि देशानुसार प्रवेश रोखणारी तांत्रिक कुंपणे करतात, आणि कृती जिथे पाहिली किंवा उतरवली जाते त्या देशाचा कायदा लागू होऊ शकतो.

मिश्र प्रकरणांत हे दोन्ही नियम शेजारी शेजारी दिसतात. परदेशात विकत घेतलेली सीडी अमेरिकेत आणली तर ती मूर्त प्रत आहे. आयातीचे कलम तिला लागू होते, पण प्रवाशाच्या सामानातील प्रतींना आणि खासगी वापरासाठीच्या एका प्रतीला त्यात सूट आहे. तीच गाणी परदेशी खात्यातून तिथे उतरवली तर त्या सवलतीचा प्रश्नच येत नाही, कारण सीमेवरून कोणतीही प्रत आणली गेलेली नसते. नवी प्रत तिथेच तयार होते, आणि ती वैध की अवैध हे परवान्याची अट ठरवते. ‘विकत घ्या’ असे लिहिलेल्या बटणामागे बहुधा परवानाच असतो, आणि तो तसा आहे हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगण्याचे बंधन कॅलिफोर्नियाने २०२५ पासून विक्रेत्यांवर घातले आहे.